संगणकांत उतरलेल्या पोथ्या : एक परीक्षण

जुन्या पोथ्या व बाडें संगणकावर उतरून ठेवण्याचा उद्योग आपल्याकडे सुरू होऊन आतां तीन तपें लोटलीं. या अवधींत पोथ्या किती उतरल्या याची गणती ठेवणारे पुष्कळ भेटतात. उतरलेला पाठ कितपत विश्वासार्ह आहे, आणि ज्या पेटींत तो ठेवला ती पेटी आज उघडते कीं नाहीं, याची चौकशी मात्र फारच थोड्यांनीं केली आहे. मुद्रित ग्रंथाचें परीक्षण करावयाचें तर संपादकानें कोणत्या प्रती पाहिल्या, पाठभेद कसे नोंदविले, प्रस्तावनेंत काय सांगितलें आणि काय गाळलें, हें आपण बारकाईनें पाहतों. तोच न्याय संगणकांतील पाठांस लावून पाहावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे. आमचा प्रत्यक्ष परिचय नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील संग्राहकांशीं. परंतु येथें ज्या अडचणी आल्या त्या पुण्यास किंवा नागपुरास आल्या नसतील असें समजण्याचें कारण नाहीं.

हा प्रदेश पोथ्यांच्या दृष्टीनें दरिद्री नव्हे. भट्टोजि दीक्षितांचे गुरु शेष कृष्ण ज्या घराण्यांत झाले तें काशीचें शेष घराणें मूळचें नांदेडचें, अशी परंपरा आहे. माहूर हें दत्तभक्तांचें तसेंच महानुभावांचेंही क्षेत्र. इतिहाससंशोधक सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० सालीं निलंग्यास झाला. निजामी अमलामुळें फारसी व उर्दू कागद, त्यांच्या जोडीस मोडी दप्तरें आणि घरोघरच्या नागरी पोथ्या, असा त्रिविध संचय येथें आढळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि दगडमातीचीं माळवदाचीं घरें एका क्षणांत खालीं आलीं. माणसेंच हजारोंनीं गेलीं. तेथें कागदांची गोष्ट कोण काढतो? तथापि माळवदाखालच्या कोनाड्यांत ठेवलेल्या बाडाचा भरंवसा किती, हा प्रश्न तेव्हांपासून या भागांतील संग्राहकांच्या मनांतून गेला नाहीं. नक्कल करून ठेविली पाहिजे, ही घाई तेथून सुरू झाली. तीच वेळ संगणक जिल्ह्याच्या गांवीं येण्याची होती.

विद्वानानें यंत्रज्ञाच्या दारीं जावें ही गोष्ट त्यापूर्वींची आहे. इटलींतील जेझुइट पंडित रोबेर्तो बूसा हे १९४९ सालीं आय. बी. एम. कंपनीचे प्रमुख टॉमस वॉटसन यांस भेटले. संत टॉमस अक्वायनस याच्या लॅटिन ग्रंथांतील प्रत्येक शब्दाची स्थलसूचि त्यांस करावयाची होती. छिद्रें पाडलेल्या पत्त्यांवर आरंभ झालेलें तें काम १९७४ पासून छापून निघूं लागलें आणि १९८० सालीं ५६ खंडांत पुरें झालें. बूसांचा प्रश्न त्यांस स्वतःस स्वच्छ ठाऊक होता : अमुक शब्द कोठें कोठें आला तें दाखव. कसें छापून दाखवशील, हा त्यांचा प्रश्न नव्हता. शिवाय लॅटिनचीं अक्षरें यंत्रास आधींच येत होतीं. आपल्याकडील पंडिताची गोष्ट उलट झाली. यंत्रास क, ख येत नव्हते. म्हणून तो बिचारा प्रथम अक्षरांतच गुंतला, आणि दुर्दैवानें बहुतेकजण तेथेंच थांबले.

अक्षरांची व्यवस्था मुळीं कोणी केलीच नाहीं असें मात्र नव्हे. कानपूरच्या तंत्रसंस्थेंत सुरू झालेलें 'जिस्ट' नांवाचें काम मोहन तांबे व त्यांचे सहकारी यांनीं पुढें पुण्याच्या सी-डॅक या संस्थेंत वाढविलें. ही संस्था १९८८ ची. भारतीय लिपींसाठीं 'इस्की' नांवाची संकेतपद्धति ठरली आणि १९९१ सालीं तिला भारतीय मानकाचें रूप मिळालें. संस्कृत व्याकरण शिकलेल्या मनुष्यास ही पद्धति पाहून समाधान वाटावें अशीच तिची रचना आहे. वर्णास एक संकेत, स्वरचिन्हास एक, हलंतास एक. जोडाक्षर हा निराळा वर्ण न मानतां वर्ण, हलंत, वर्ण अशी त्याची फोड. ज्या क्रमानें उच्चार, त्या क्रमानें संकेत. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींस तेच संकेत, केवळ वेष निराळा. १९९१ च्या आक्टोबरांत प्रसिद्ध झालेल्या युनिकोडनें आपले भारतीय विभाग याच पद्धतीच्या १९८८ च्या स्वरूपावरून घेतले. म्हणजे आज जी व्यवस्था जगभर चालते तिचा पाया आमच्या संग्राहकांनीं पहिली पोथी टंकावयास दिली तेव्हां घातला गेलेला होता.

मग अडलें कोठें ? आमचें उत्तर असें कीं, मदत मागणारानें चुकीचा प्रश्न विचारला आणि मदत देणारास बरोबर प्रश्न ठाऊक नव्हता. जिल्ह्याच्या गांवीं १९९० नंतर जीं डी. टी. पी. केंद्रें निघालीं त्यांचा धंदा लग्नपत्रिका, हस्तपत्रकें व वार्षिकांकांचा. तेथें जाऊन पंडितानें विचारावें, 'आमचें ळ नीट येतें काय ? द्य, ह्म हीं जोडाक्षरें मोडत तर नाहींत ना ?' तेथील तरुणानें कागद छापून दाखवावा, अक्षर सुरेख दिसावें, आणि पंडितानें संतुष्ट होऊन परत यावें. पाठ कोणत्या संकेतांत सांठविला, तो दुसऱ्या यंत्रावर वाचतां येईल काय, त्यांत शब्द शोधतां येईल काय, हें कोणी विचारिलें नाहीं. परदेशांतील विद्यापीठांत बसलेले संस्कृतज्ञ त्याच सुमारास संगणकी टपालानें एकमेकांस अशाच शंका विचारीत होते. इकडे इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, आणि तेंही प्रथम मोठ्या शहरांपुरतें. नांदेड-लातुरास शंका विचारावयाची ती शेजारच्या दुकानदारासच.

त्या केंद्रांतून जे फॉण्ट चालत त्यांचें आंतील स्वरूप ज्यांनीं जुना छापखाना पाहिला आहे त्यांस लागलीच समजेल. खिळे जुळविणारापुढें खणांची पेटी असते. तींत अर्धा म निराळा, पहिली वेलांटी निराळी, रफार निराळा. हे फॉण्ट म्हणजे तीच पेटी. 'कीर्ति' हा शब्द घ्या. छापखान्याच्या न्यायानें सांठविलेल्या पाठांत प्रथम क, मग दुसरी वेलांटी, मग पहिली वेलांटी, मग त, आणि सर्वांशेवटीं रफार, असा क्रम पडतो. वर्णक्रमानें पाहतां क, ई, र, हलंत, त, इ असा क्रम हवा. डोळ्यांस दोन्ही सारखेच. पण पहिल्या पाठांत यंत्रानें अक्षरें ठेविलीं नाहींत, खिळ्यांची मांडणी ठेविली. त्यांतही प्रत्येक कंपनीची पेटी निराळी. श्रीलिपीचा खण आकृतींत चालत नाहीं, आकृतीचा शिवाजी नांवाच्या फॉण्टांत चालत नाहीं. पेटी बदलली कीं खिळे विखुरतात आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा कचरा दिसूं लागतो.

लातूर जिल्ह्यांतील एका वैदिक घराण्याच्या संग्रहांतील प्रयोगग्रंथ व स्तोत्रें यांची नक्कल १९९७ च्या सुमारास अशीच एका केंद्रांत झाली. मूळ बाडास वाळवी लागली होती; नक्कल करून घेणारे गृहस्थ आतां हयात नाहींत. अकरा फ्लॉपी आमच्याकडे आल्या, त्यांतील चार वाचतां आल्या. चारांतील पाठ कोणत्या फॉण्टांतला हें वेष्टनावर लिहिलेलें नव्हतें. लिहिलेलें होतें तें इतकेंच : 'मराठी, सुंदर अक्षर.'

महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ इत्यादि सांकेतिक लिपींत झांकून ठेविले, आणि राजवाड्यांनीं त्या लिपीचा उलगडा केला, हें वाचकांस माहीतच आहे. एका वर्णाच्या ठिकाणीं दुसरा योजण्याचीच ती युक्ति होती. पण ती हेतुपूर्वक केलेली होती, आणि संप्रदायांत किल्ली शिल्लक होती. आमच्या डी. टी. पी. केंद्रांनीं नकळत डझनावारी सांकेतिक लिप्या निर्माण केल्या व किल्ली कोणाजवळच दिली नाहीं. या चार फ्लॉपींचा उलगडाही शेवटीं राजवाडी मार्गानेंच झाला : स्तोत्र ओळखीचें निघालें, मुद्रित पाठाशेजारीं तो कचरा ठेवून कोणत्या चिन्हास कोणतें अक्षर हें पट्ट्यावर मांडीत गेलों, आणि मग फॉण्टाचें नांव लागलें. ज्या पाठास मुद्रित जोड नाहीं त्याचें काय करावयाचें ? आज जुन्या फॉण्टांतून युनिकोडांत उतरविण्याचीं साधनें मिळतात, पण फॉण्टाचें नांव व आवृत्ति ठाऊक नसेल तर तीं आंधळीं आहेत.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. परदेशस्थ संस्कृतज्ञांनीं व आपल्यांपैकीं कांहीं तंत्रज्ञांनीं याच सुमारास निराळा मार्ग धरला. नेदर्लंडांतील फ्रान्स वेल्थुइस यांची नागरी छापण्याची रचना १९९१ ची. अविनाश चोपडे यांची 'आयट्रान्स' पद्धतिही त्याच काळची. व्हिएन्ना येथें १९९० सालीं जागतिक संस्कृत परिषद भरली तेव्हां रोमन लिप्यंतरासाठीं एक समान संकेत योजण्याचें ठरलें. हार्वर्ड व क्योटो या विद्यापीठांच्या नांवें ओळखली जाणारी पद्धति तर साध्या टंकयंत्राच्या अक्षरांत सर्व संस्कृत बसविते : लहान टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट, लहान ए म्हणजे अ, मोठा ए म्हणजे आ. या सर्वांचा गुण एकच, आणि तो मोठा आहे. यांनीं दिसण्यापेक्षां ठेवण्याचा विचार प्रथम केला. तीस वर्षांपूर्वीं त्यांनीं टंकलेला पाठ आज कोणत्याही यंत्रावर जसाच्या तसा वाचतां येतो. दोष असा कीं, लिपीचा त्याग करून हें साधलें. आणि एखाद्या अजाण मनुष्यानें सर्व मोठीं अक्षरें लहान केलीं तर पात, पाट व पट हे तिन्ही शब्द एकरूप होऊन जातात, व मूळ काय होतें हें मग ब्रह्मदेवासही सांगतां येत नाहीं.

या मार्गाचें सर्वांत मोठें फळ म्हणजे महाभारताचा संगणकी पाठ. भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं हातीं घेतलेली चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. ती क्योटोचे प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनीं सहकाऱ्यांसह रोमन अक्षरांत टंकिली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनीं ती तपासून शुद्ध केली. सत्तर हजारांवर श्लोकांचें हें काम. त्याची प्रशंसा करावी तेवढी थोडी. एखादें पद महाभारतांत कोठें आलें आहे हें पाहावयास आम्हांस पूर्वीं सूच्या चाळाव्या लागत, तें आतां क्षणांत होतें. परंतु परीक्षकानें येथेंच थांबूं नये. १९२५ सालीं प्रमुख संपादकपद हातीं घेतलेल्या सुखटणकरांनीं जेथें स्वीकृत पाठाविषयीं स्वतःस खात्री नाहीं तेथें त्या अक्षरांखालीं तरंगरेषा दिली आहे. ही रेषा म्हणजे त्या आवृत्तीच्या प्रामाणिकपणाची सही होय. साध्या टंकयंत्री अक्षरांत तरंगरेषेस जागा नव्हती, ती गळली. प्रतिप्रतींचे पाठभेद ज्या तळटीपांत दिले आहेत त्या तळटीपाही त्या पाठांत आल्या नाहींत. तारांकित श्लोक व परिशिष्टें पुढें जोडलीं गेलीं खरीं. तरी जो अभ्यासक छापील खंड न उघडतां केवळ पडद्यावरून श्लोक उचलतो, त्यास सुखटणकरांची शंका दिसत नाहीं, निर्णय तेवढा दिसतो. हा दोष तोकुनागांचा नव्हे. पण संगणकी पाठ उद्धृत करून त्याखालीं 'भांडारकर आवृत्ति' असें लिहिणें हा उद्धृत करणाराचा दोष आहे, आणि तो हल्लीं सर्रास घडतो.

येथें एक अवांतर गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. रिक ब्रिग्ज या गृहस्थांचा संस्कृत व कृत्रिम बुद्धि यांविषयींचा एक लेख १९८५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्याचा हवाला देऊन संस्कृत ही संगणकास सर्वांत योग्य भाषा आहे, असें आमच्याकडे प्रत्येक सभेंत सांगण्यांत येतें. सांगणारांपैकीं लेख वाचलेला एकही आम्हांस भेटला नाहीं. संगणकास संस्कृत योग्य असो वा नसो, आपल्या घरची पोथी संगणकांत धड उतरविलेली आहे काय, असें विचारतांच सभा उठते.

युनिकोड सार्वत्रिक झाल्यावर वरील दोन्ही मार्गांचे गुण एकत्र आले, हें मान्य केलें पाहिजे. नागरी नागरींतच राहते आणि पाठ टिकतो. पोथीवाल्यांच्या जुन्या मागण्याही हळूहळू मान्य झाल्या. २००९ सालच्या आवृत्तींत पृष्ठमात्रेस स्वतंत्र स्थान मिळालें. जुन्या प्रतींत अक्षराच्या मागें उभी काढलेली ही मात्रा ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तिचें महत्त्व सांगावयास नको. वैदिक स्वरचिन्हांचा स्वतंत्र विभागही त्याच वर्षीं आला. तथापि मराठीपुरती एक खोंच अजून आहे. 'दुसऱ्या' या शब्दांतील अर्ध्या र चें आडवें चिन्ह दोन प्रकारांनीं टंकतां येतें : एकांत मूळ वर्ण र आणि पुढें एक अदृश्य जोडचिन्ह, दुसऱ्यांत नुक्त्याचा ऱ. छापल्यावर फरक दिसत नाहीं. शोधूं लागलें तर एका प्रकारानें टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकारानें सांपडत नाहीं. ॲ या अक्षराचीही तीच गत. संग्रहांतील सर्व पाठांत एकच रीति ठेवावी, हें काम कोणत्याही यंत्रज्ञावर सोंपवूं नये. तें संपादकाचें आहे.

याहून गंभीर अपराध टंकणाराच्या हातून घडतो तो शुद्धलेखनाचा. जुन्या मराठी प्रतींत 'जालें' असतें तें 'झालें' होतें. ख च्या जागीं ष लिहिण्याची जुनी रीति ठाऊक नसल्यानें 'दुष' चें कधीं 'दुःख' तर कधीं 'दोष' होतें. १९६२ च्या नियमांनंतर शाळेंत गेलेल्या पिढीस अनुस्वार म्हणजे शाईचा डाग वाटतो. तो पुसला कीं तृतीया कोणती व प्रथमा कोणती हें कळेनासें होतें. आतां तर यंत्र स्वतःच शब्द सुधारून देतें. राजवाड्यांस बीड जिल्ह्यांतील पाटांगण येथें मिळालेली ज्ञानेश्वरी त्यांनीं १९०९ सालीं छापली. नाथांनीं शुद्ध करण्यापूर्वींचा पाठ तींत आहे असें त्यांचें प्रतिपादन होतें, आणि तो सर्व वाद जुन्या रूपांच्या आधारें उभा राहिला. त्या पोथीची नक्कल आजच्या एखाद्या केंद्रांत झाली असती तर वादास विषयच उरला नसता !

पाठाबरोबर पाठाची हकीकतही ठेवतां येते, त्याची पद्धतिही तयार आहे. अमेरिकेंत पोकीप्सी येथें १९८७ सालीं भरलेल्या बैठकींतून 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' निघालें. त्याची मोठी नियमावली १९९४ ची आणि सध्यां चालू असलेली पांचवी मालिका २००७ पासूनची. पान कोठें संपलें, ओळ कोठें तुटली, कोणतें अक्षर समासांत दुसऱ्या हातानें घातलें, हरताळ कोठें लावला, संपादकास कोठें शंका आहे, हें सर्व तींत पाठाच्या अंगींच खूण करून लिहितां येतें. सुखटणकरांच्या तरंगरेषेस येथें जागा आहे. शिकावयास चार-सहा महिने पुरतात. आमच्या भागांतील महाविद्यालयांत संस्कृत व मराठी शिकणारांस हें कोणी शिकवीत असल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. शिकवणी लावून संगणक शिकणारीं मुलें मात्र लातुरांत गल्लोगल्लीं आहेत. त्यांस संहिता म्हणजे काय हें सांगणारा एक आणि संस्कृत जाणणारास संकेत म्हणजे काय हें सांगणारा एक, असे दोघे एका टेबलाशीं बसले तर पुष्कळ काम होईल.

मोडीविषयीं थोडें सांगून लेखणी ठेवतों. मोडी लिपीस युनिकोडांत २०१४ सालीं स्थान मिळालें. तरीही आमच्या बहुतेक संग्राहकांचा आग्रह मोडी कागद थेट नागरींत उतरविण्याचा असतो, कारण वाचणारास सोयीचें. मोडींत ऱ्हस्वदीर्घ बहुधा पाळीत नाहींत. कागदावर एकच अक्षरपंक्ति असते. ती नागरींत आणतांना 'दिन' लिहावयाचें कीं 'दीन', 'सुत' कीं 'सूत', हें लिप्यंतर करणारा ठरवितो, आणि एकदां नागरींत आलें कीं तें कागदानेंच सांगितलें असें पुढचा वाचक समजतो. देण्याघेण्याच्या फारखतींत याचें फारसें बिघडत नाहीं. वंशावळींत व निवाडपत्रांत बिघडतें. म्हणून मोडी पाठ मोडीच्याच संकेतांत एका स्तंभांत, नागरी दुसऱ्या स्तंभांत, आणि दोहोंच्या वर कागदाचें छायाचित्र, अशी तिहेरी नोंद ठेवावी. वेष्टनावर 'सुंदर अक्षर' असें न लिहितां फॉण्टाचें व आज्ञावलीचें नांव, आवृत्ति, टंकल्याची तारीख आणि टंकणाराचें नांव लिहावें. कंधार व उदगीर तालुक्यांतील कांहीं दप्तरांची अशी नोंद करण्यास आरंभ झाला असून पहिल्या साठ कागदांत लिप्यंतराविषयीं मतभेद झालेलीं स्थळें सत्तावीस निघालीं. तीं पुढील अंकाकरितां निराळीं काढून ठेविलीं आहेत.